गाळातल्या खड्यांवरून हिमनदीचा इतिहास वाचताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका फ्योर्डमध्ये, म्हणजे उभ्या कड्यांमधल्या लांब, अरुंद समुद्री खाडीत, हिमनदीच्या सध्याच्या टोकापासून काही किलोमीटर अंतरावर, समुद्रतळातून सुमारे दीड मीटर लांबीचा गाळाचा कोअर, म्हणजे नळी घुसवून घेतलेला उभा नमुना, काढला आहे. एरवी बारीक राखाडी चिखल असलेल्या या कोअरमध्ये जाड वाळू आणि खड्यांचे चार पट्टे दिसतात. वरचे तीन पट्टे विखुरलेल्या खड्यांचे आहेत. सर्वांत खालचा आठ सेंटीमीटर जाडीचा असून त्याची खालची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट आहे. नव्वद सेंटीमीटर खोलीवर सापडलेल्या एका शिंपल्याचे किरणोत्सारी कार्बनवरून काढलेले वय हातात आहे. तेव्हा चार पट्टे म्हणजे हिमनदी चार वेळा पुढे सरकली असे म्हणता येईल का, आणि म्हणता येत नसेल तर अशा गाळावरून हिमनदीचे जुने वर्तन ठरवतात तरी कसे?

चार पट्टे म्हणजे चार वेळा पुढे सरकणे, असे म्हणता येणार नाही. खड्यांचा पट्टा फार तर एवढेच सांगतो की त्या काळात या जागी बारीक चिखलाच्या मानाने जाड कण जास्त पडले. ते का जास्त पडले याची निदान पाच-सहा कारणे संभवतात, आणि त्यांतली दोन तर एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. मी या कामात बरीच वर्षे घालवली आहेत आणि माझा अनुभव असा की या विषयातल्या बहुतेक चुका मोजणीत होत नाहीत, मोजणी नीट झाल्यावर घाईने लावलेल्या अर्थात होतात.

मुळात हिमनदीचा इतिहास शोधायला समुद्रात जावे लागते, कारण जमिनीवर हिमनदी स्वतःच स्वतःचे पुरावे पुसत जाते. ती पुढे सरकली की आधीच्या वेळी टोकाशी रचलेले दगडमातीचे बांध, म्हणजे हिमोढ, तिच्याच पोटाखाली चिरडले जातात आणि शेवटी बहुधा सर्वांत मोठ्या विस्ताराची आणि त्यानंतरच्या माघारीची खूणच काय ती उरते. समुद्रतळावर, बर्फाच्या पोहोचेपलीकडे, गाळ मात्र थरावर थर साचत राहतो. उथळ खंडमंचावर, म्हणजे खंडाला लागून पाण्याखाली असलेल्या भागावर, हा नियम पूर्णपणे लागू होत नाही, कारण गेल्या हिमयुगात अंटार्क्टिकाची हिमचादर अनेक ठिकाणी खंडमंचाच्या कडेपर्यंत तळाला टेकून पोहोचली होती आणि तिने तिथला जुना गाळ खरवडून काढला. म्हणून खंडमंचावरच्या लहान कोअरमध्ये बहुधा शेवटच्या माघारीचीच कथा मिळते, तर लाखो वर्षांची सलग नोंद हवी असेल तर खोल समुद्र गाठावा लागतो. तिथे हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर गाळ साचतो. उलट अलास्कासारख्या ठिकाणी, वितळपाण्याने भरलेल्या हिमनदीच्या अगदी तोंडाशी, एका वर्षात काही मीटर गाळ साचल्याचे मोजले गेले आहे. या दोन टोकांच्या मध्ये आपला कोअर नेमका कुठे बसतो हे ठरल्याशिवाय पुढचा विचार सुरूच करता येत नाही.

आता गाळ येतो कोणकोणत्या वाटांनी ते पाहू. हिमनदी जिथे समुद्रतळाला टेकलेली असते तिथे तिच्या खाली दगड, वाळू आणि चिकणमाती यांचे कोणतीही प्रतवारी नसलेले घट्ट मिश्रण तयार होते. याला टिल म्हणतात. कोअर कापल्यावर टिलमध्ये कसलेही थर दिसत नाहीत, बोट दाबले तर सहजी रुतत नाही, आणि त्यात शिंपले असलेच तर ते तुटलेले आणि जुन्या गाळातून उचलून आणलेले असतात. ज्या रेषेपुढे बर्फ तळ सोडून तरंगू लागतो तिला आपण टेकणरेषा म्हणू. या रेषेशी बर्फाखालून वितळपाणी जोराने बाहेर पडते. ते गोडे असल्यामुळे खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून उसळून वर येते आणि गढूळ पिसाऱ्यासारखे पृष्ठभागालगत पसरते. जाड वाळू तोंडापाशीच पडते, तर चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि अपेक्षेपेक्षा लवकर तळाशी बसतात. भरती-ओहोटीनुसार या पिसाऱ्याची दिशा आणि जोर बदलतो, त्यामुळे तोंडाजवळच्या गाळात कागदाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे दिसतात. टोकापासून जसजसे दूर जावे तसतसा हा गाळ बारीक होत जातो आणि त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. म्हणजे हिमनदी नुसती दोन-तीन किलोमीटर मागे गेली तरी एकाच जागच्या कोअरमध्ये खालून वर जाताना गाळ बारीक झालेला दिसतो. खडे मोजण्याआधी मी नेहमी हा बारीक चिखलच वाचतो, कारण टोक किती जवळ होते याचा तो अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे.

तिसरी वाट हिमनगांची. हिमनदीच्या तळाशी गोठलेला दगडगोटा हिमनगाबरोबर निघतो आणि हिमनग वितळेल किंवा उलटेल तिथे खाली पडतो. चौथी वाट समुद्राच्या पृष्ठभागावर हिवाळ्यात गोठणाऱ्या बर्फाची. हा बर्फ किनाऱ्यावरची वाळू उचलतो, त्यामुळे त्याने आणलेले कण बहुधा बारीक असतात. पाचवी वाट उतारावरून घसरणाऱ्या गाळाची, आणि फ्योर्डच्या भिंती उभ्या असल्यामुळे तिथे ही वाट फारच वापरात असते. याखेरीज तळाचा प्रवाह बारीक माती धुऊन नेतो तेव्हा मागे खडेच उरतात. तो पट्टा खडे जास्त पडल्याचा नसून चिखल कमी उरल्याचा असतो. विषयांतर होईल, पण समुद्री शैवाल आपल्या मुळासारख्या पकडीत दगड घेऊन दूरवर तरंगत जाते, आणि उत्तर अटलांटिकमधल्या जुन्या आगबोटींच्या मार्गांखाली तळावर जळक्या कोळशाची खंगरे सापडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तीही हिमनगांनी आणलेल्या ज्वालामुखी खडकासारखी वाटू शकतात.

हिमनगातून पडलेला खडा ओळखायचा कसा? कोअर उभा चिरून त्याचा एक सेंटीमीटरभर जाडीचा काप एक्स-रे खाली ठेवला की डोळ्यांना एकसंध राखाडी दिसणाऱ्या चिखलातले पापुद्रे उमटतात. खडा वरून पडला असेल तर त्याच्या खालचे पापुद्रे खोलगट वाकलेले किंवा तुटलेले असतात, बाजूचे त्याला येऊन टेकतात, आणि वरचे पापुद्रे त्याच्यावरून पांघरुणासारखे गेलेले असतात. प्रवाहाने लोळत आणलेल्या दगडाखाली असा खळगा बहुधा नसतो. काही वेळा एकेकटे खडे नसतात, तर वाळू, माती आणि बारीक खडे यांची एकत्र गोठलेली ढेकळे तशीच्या तशी खाली पडलेली दिसतात. आजूबाजूच्या मऊ चिखलात त्यांची कड स्पष्ट असते. हे चित्र एकदा नीट पाहिले की विसरत नाही, आणि म्हणूनच माझा आग्रह असतो की नमुन्यांसाठी चमचा घालण्यापूर्वी प्रत्येक कोअरचा एक्स-रे झालाच पाहिजे. नमुने आधी काढले की ही रचना कायमची जाते.

मोजणीच्या दोन पद्धती रूढ आहेत. एक्स-रे वरून दोन मिलिमीटरपेक्षा मोठे खडे मोजतात, किंवा गाळ चाळून एका ठरावीक आकारापेक्षा, बहुधा १५० मायक्रॉनपेक्षा (०.१५ मिलिमीटर), मोठे खनिज कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. दोन्ही चालतात. खरी गफलत यानंतर होते, कारण मिळालेला आकडा प्रमाणाचा असतो आणि आपण त्याला आवक, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक जागेवर पडलेले कण, समजतो. एक सोपे उदाहरण घ्या. साध्या चिखलात प्रत्येक घन सेंटीमीटरमागे २ जाड कण आहेत आणि चिखल वर्षाला ३ मिलिमीटर या वेगाने साचतो आहे. तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर वर्षाला २ गुणिले ०.३, म्हणजे ०.६ कण पडत आहेत. वरच्या पट्ट्यात घन सेंटीमीटरमागे ६ कण आहेत, म्हणजे तिप्पट, आणि पाहणारा म्हणतो की हिमनग तिप्पट झाले. पण त्या काळात वितळपाणी घटून गाळ साचण्याचा वेग वर्षाला १ मिलिमीटरवर आला असेल, तर आवक ६ गुणिले ०.१, म्हणजे पुन्हा ०.६ कणच आहे. हिमनगांमध्ये काडीचाही फरक पडलेला नाही. फक्त त्यांनी टाकलेले कण विरळ करणारा चिखल कमी झाला. म्हणून कणांची संख्या नेहमी साचण्याच्या वेगाने गुणून मांडावी लागते, आणि हा वेग कळण्यासाठी एक वय पुरत नाही. तुमच्याकडे एकच आहे.

समजा आवक खरोखरच वाढली आहे. तरीही हिमनदी पुढे आली की मागे गेली हे ठरत नाही, आणि सुरुवातीला म्हटलेली परस्परविरोधी कारणे ती हीच. हिमनदी पुढे सरकून खोल पाण्यात पोहोचली की जास्त हिमनग सुटतात, हे खरे. पण हिमनदी वेगाने मागे हटते तेव्हाही तिचे टोक तुकड्या-तुकड्यांनी ढासळत असते आणि हिमनगांचा अक्षरशः लोंढा सुटतो. आवक वाढण्याचे तिसरेही एक कारण असू शकते. हिमनग तेवढेच सुटत असतील, पण पाणी गरम झाल्यामुळे ते पूर्वी दूर समुद्रात जाऊन वितळत होते ते आता फ्योर्डमध्येच वितळू लागले असतील. चौथी शक्यता अशी की टोकासमोर वर्षानुवर्षे घट्ट राहणारा समुद्रबर्फ फुटला आणि अडकलेले हिमनग मोकळे झाले.

ग्रीनलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या हेल्हाइम हिमनदीचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण तिथे गाळाची नोंद प्रत्यक्ष निरीक्षणांशी पडताळता आली. ही हिमनदी सेर्मिलिक फ्योर्डमध्ये उतरते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या फ्योर्डमधल्या कोअरमधली वाळूची आवक मोजून सुमारे १२० वर्षांचा हिमनग सुटण्याचा इतिहास मांडला गेला. त्यात २००० नंतरची वाढ ठळक दिसते, आणि त्या काळात हेल्हाइमचे टोक खरोखरच काही किलोमीटर मागे गेले होते. तशीच वाढ १९३० च्या दशकाच्या अखेरीसही दिसते, आणि तो काळ त्या भागात उष्ण हवेचा आणि किनाऱ्यालगत उष्ण अटलांटिक पाण्याचा होता. म्हणजे इथे जाड कणांची वाढ ही माघारीची खूण ठरली. याच नियमाने दुसऱ्या फ्योर्डचा कोअर वाचला तर मात्र फसगत होऊ शकते. हेल्हाइमला हा अर्थ लागू पडला तो टोकाच्या जागेची स्वतंत्र नोंद उपलब्ध होती म्हणून.

ज्या काळाची छायाचित्रे नाहीत, तिथे सर्वांत मोलाचा प्रश्न असतो तो खडा कुठून आला याचा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेला प्रिन्स गुस्ताव्ह खाडीवर समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचे एक जाड आच्छादन होते. अशा आच्छादनाला आपण हिममंच म्हणू. हा हिममंच १९९५ मध्ये अखेर फुटला आणि प्रथमच तिथल्या तळाचे कोअर घेता आले. हिममंच शाबूत असताना खाडीतल्या प्रत्येक भागात शेजारच्या हिमनदीने आणलेले, त्याच डोंगरातले खडे पडणार, कारण बाहेरचा हिमनग आत येऊच शकत नाही. पण कोअरमधल्या सुमारे ५,००० ते २,००० वर्षांपूर्वीच्या गाळात वेगवेगळ्या ठिकाणच्या खडकांचे खडे मिसळलेले सापडले. याचा अर्थ त्या काळात खाडी निदान उन्हाळ्यात मोकळी होती आणि दूरचे हिमनग तिच्यातून फिरत होते. म्हणजे १९९५ ची घटना त्या हिममंचाच्या आयुष्यातली पहिली नव्हती.

त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला लार्सन बी हिममंच आहे, किंवा होता म्हणायला हवे. २००२ च्या सुरुवातीला त्याचे सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर क्षेत्र महिन्याभरात कोसळले. तिथल्या गाळात मात्र गेल्या दहा हजारांहून अधिक वर्षांत मोकळ्या समुद्राची तशी खूण सापडली नाही. शेजारी शेजारी असलेल्या दोन हिममंचांपैकी एक आधीही फुटला होता आणि दुसरा कधीच नाही, हा निष्कर्ष खडे नुसते मोजून कधीच हाती आला नसता. मला स्वतःला या क्षेत्रातले जे काम सर्वांत देखणे वाटते त्यात या दोन अभ्यासांची जोडी वरच्या क्रमांकावर आहे.

खड्याचे मूळ ठरवायला नेहमी दगडच लागतो असे नाही. हार्टमुट हाइनरिख यांनी १९८८ मध्ये ईशान्य अटलांटिकमधल्या कोअरमध्ये जाड कणांचे ठळक थर असल्याचे दाखवले. पुढे या थरांना त्यांचेच नाव पडले. या थरांमध्ये चुनखडी आणि डोलोमाइटचे कण भरपूर असतात, तर फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे फारच कमी. हे कार्बोनेट खडक हडसन उपसागराच्या परिसरातले आहेत, आणि थरांची जाडीही हडसन सामुद्रधुनीकडे वाढत जाते, त्यामुळे उत्तर अमेरिकेवरच्या लॉरेंटाइड हिमचादरीतून हिमनगांचे ताफे सुटले होते याबद्दल आज फारसा वाद नाही. ते का सुटले यावर मात्र वाद आहे. १९९३ मध्ये डग्लस मॅकएयल यांनी असे मांडले की हिमचादर आतल्या आत जाड होत जाते, तळाशी उष्णता कोंडून तळ वितळतो आणि चादर घसरते, म्हणजे हे चक्र बर्फाचे स्वतःचेच आहे. दुसऱ्या मताप्रमाणे पृष्ठभागाखालचे समुद्राचे पाणी आधी गरम झाले आणि त्याने बर्फाचे टोक खालून कुरतडले. गाळ दोघांनाही तेवढाच साक्षीदार आहे. निर्णय होतो तो हिमनगांच्या थराखालच्या पाच-दहा सेंटीमीटरमध्ये, तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांच्या कवचांतून पाण्याचे तापमान आधी वाढले होते की नाही हे पाहून. माझे मन सध्या दुसऱ्या बाजूला झुकते, पण सगळे थर एकाच कारणाने झाले असावेत असे मला वाटत नाही. तिसऱ्या आणि सहाव्या थराची घडण इतरांहून वेगळी आहेच.

बारीक गाळाचेही मूळ शोधता येते. निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, गुणोत्तर खडकाच्या वयानुसार आणि प्रकारानुसार बदलते, आणि खडक दळून त्याची धूळ झाली तरी ते टिकते. २०१३ मध्ये पूर्व अंटार्क्टिकाच्या विल्क्स लँडसमोरच्या कोअरमध्ये याच पद्धतीने असे दिसले की प्लायोसीन काळातल्या, म्हणजे सुमारे ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या, उष्ण टप्प्यांत झिजलेली माती किनाऱ्याजवळच्या खडकांची नसून आज बर्फाखाली असलेल्या, खंडाच्या आतल्या खोलगट प्रदेशातली होती. म्हणजे बर्फाची कड तेव्हा आतपर्यंत मागे गेली होती. दक्षिण ग्रीनलंडबाबतही सुमारे चार लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण काळातली मोठी माघार अशाच मातीच्या ओळखीवरून मांडली गेली आहे.

लांब पल्ल्याच्या नोंदींमध्ये रॉस हिममंचाखाली २००६-०७ च्या मोसमात अँड्रिल या अंटार्क्टिक खोदाई प्रकल्पाने घेतलेला सुमारे १,२८५ मीटर खोलीचा कोअर फारच बोलका आहे. त्यात टिल आणि मोकळ्या समुद्रातल्या डायटमांचे, म्हणजे सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे, थर आलटून पालटून येतात, आणि प्लायोसीनमध्ये ही ये-जा सुमारे चाळीस हजार वर्षांच्या, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या कलाच्या तालावर होत होती असे २००९ मध्ये दाखवण्यात आले. इथे खड्यांच्या मोजणीची गरजच पडत नाही, कारण जिथे डायटम वाढले तिथे डोक्यावर बर्फ नव्हता, एवढे स्पष्ट आहे.

आता वयाकडे वळतो, कारण तुमच्या कोअरची खरी अडचण तिथे आहे. किरणोत्सारी कार्बनची पद्धत सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत चालते, पण समुद्रातला कार्बन हवेतल्या कार्बनपेक्षा आधीच जुना असतो, म्हणून आज मेलेल्या शिंपल्याचे वयही काहीशे वर्षे भरते. ही वजावट बऱ्याच समुद्रांत चारशे वर्षांच्या आसपास धरली जात असे. अंटार्क्टिकाभोवती ती हजार वर्षांच्या वर जाते, कारण तिथे खोलातले जुने पाणी वर येते. फ्योर्डमध्ये वितळपाण्याबरोबर चुनखडीतला मृत, म्हणजे किरणोत्सार संपलेला, कार्बन मिसळला तर हा हिशेब आणखी बिघडतो. शिंपला सापडला हे तुमचे भाग्य. अंटार्क्टिकाच्या खंडमंचावर बऱ्याचदा कवचेच नसतात आणि गाळातल्या सरसकट सेंद्रिय पदार्थावर अवलंबून राहावे लागते. त्यात बर्फाने खरवडून आणलेले प्राचीन सेंद्रिय द्रव्य इतके मिसळलेले असते की समुद्रतळाच्या अगदी वरच्या थराचेही वय काही हजार वर्षे निघते. मात्र शिंपला मिळाला तरी त्याची अवस्था पाहा. दोन्ही शिंपा जोडलेल्या स्थितीत, जिवंतपणी असतो तसाच गाळात रुतलेला असेल तर वय विश्वसनीय मानावे. एकटा, झिजलेला तुकडा असेल तर तो वरच्या उतारावरून घसरत आलेला असू शकतो.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे वापरतात, ज्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे. जोडीला सीझियम-१३७ किंवा प्लुटोनियम घेतात. वातावरणातल्या अणुचाचण्यांचा वर्षाव १९६३ च्या सुमारास शिगेला पोहोचला होता, त्यामुळे तो शिखरबिंदू सापडला तर एक पक्का खुंटा मिळतो. यासाठी कोअरचा माथा शाबूत हवा, आणि वजनाने खाली जाणारा साधा ग्रॅव्हिटी कोअरर नेमका तो माथाच उडवून देतो. एकाच जागी बहुनळी यंत्राने, म्हणजे मल्टिकोअररने, वरचे तीस-चाळीस सेंटीमीटर अलगद उचलून घेतले आणि दोन्ही कोअर एकमेकांना जुळवले, तरच वरच्या भागाची कालगणना उभी राहते.

हे सगळे धागे एकत्र आणल्यावर काय मिळते याचा नमुना म्हणजे पश्चिम अंटार्क्टिकातली पाइन आयलंड हिमनदी. तिच्या तरंगत्या भागाखाली समुद्रतळावर एक आडवा उंचवटा असल्याचे २००९ मध्ये पाण्याखालच्या स्वयंचलित यानाने शोधले. पुढे २०१२-१३ च्या उन्हाळ्यात गरम पाण्याने बर्फ भेदून त्या उंचवट्यालगत गाळाचे कोअर घेतले गेले. खाली टेकणरेषेजवळचा जाड गाळ, वर तरंगत्या बर्फाखालच्या पाण्यात साचलेला बारीक चिखल, आणि शिसे-२१० व प्लुटोनियमवरून या बदलाचे वय, असा तो पुरावा होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उंचवट्यामागे समुद्राचे पाणी १९४५ च्या सुमारास शिरले, अधिक-उणे १२ वर्षे, आणि बर्फाने उंचवटा पूर्णपणे सोडला तो १९७० च्या सुमारास, अधिक-उणे ४ वर्षे. उपग्रहांनी पाहायला सुरुवात केली तेव्हा माघार आधीच सुरू झालेली होती, हे फक्त या चिखलामुळे कळले. यात लक्षात घेण्यासारखे हे की संशोधकांनी मुख्य भिस्त हिमनगांच्या खड्यांवर ठेवलीच नव्हती. गाळाचा प्रकार बदलणे आणि तळाचा आकार यांची सांगड त्यांनी घातली होती.

आता तुमचा कोअर. सर्वांत खालच्या आठ सेंटीमीटरच्या पट्ट्याबद्दल मला दाट संशय आहे. खालची कड कापल्यासारखी स्पष्ट असणे हे घसरून आलेल्या गढूळ प्रवाहाचे लक्षण आहे. त्या पट्ट्याचे अर्ध्या सेंटीमीटरचे काप करून प्रत्येकातले कणांचे आकारमान मोजा. खाली जाड आणि वर क्रमाने बारीक होत गेलेले दिसले तर तो हिमनगांचा थर नव्हेच, उतारावरून एका दिवसात, कदाचित काही तासांत आलेला आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका पट्ट्याला मी हिमनगांचा थर ठरवून त्यावर अख्खा आलेख उभा केला होता, आणि शेजारच्या दुसऱ्या कोअरमध्ये तोच पट्टा अगदी वेगळ्या खोलीवर निघाल्यावर तो आलेख केराच्या टोपलीत गेला. चूक सर्वस्वी माझी होती; एक्स-रे काढलेला होता, मी पाहिलाच नव्हता.

वरच्या तीन पट्ट्यांसाठी आधी शिंपल्याखेरीज निदान दोन वये मिळवा, शक्यतो पट्ट्यांच्या वर आणि खाली, आणि प्रमाणाचे आवकेत रूपांतर करा. त्यात तीनही टिकले तर प्रत्येक पट्ट्यातले चाळीस-पन्नास खडे धुऊन, खडकांच्या प्रकारांनुसार वेगळे करून, फ्योर्डच्या काठांचा भूगर्भीय नकाशा शेजारी ठेवून जुळवा. तीनही पट्ट्यांत फक्त याच हिमनदीच्या खोऱ्यातले खडक असतील, आणि त्यांच्या आजूबाजूचा बारीक चिखलही त्याच वेळी जाड होत गेला असेल, तर टोक जवळ आले होते असे म्हणायला जागा आहे. खडे बाहेरचे असतील किंवा चिखल बारीक होत गेला असेल, तर गोष्ट मोकळ्या पाण्याची आणि माघारीची असण्याची शक्यता अधिक. आणि खालचा पट्टा उताराचाच निघाला तर वयाच्या आलेखात नव्वद सेंटीमीटर ही शिंपल्याची खोली मोजताना एक खबरदारी घ्या: तो शिंपला पट्ट्याच्या वर आहे की आत हे फोटोवरून नक्की करा, कारण आत असेल तर ते वय फ्योर्डच्या भिंतीवरच्या जुन्या चिखलाचे आहे आणि ते तुमच्या आलेखातून काढून टाकावे लागेल.